देव्हाऱ्याला कुलूप नसतं

कोर्टातून फोन आला तेव्हा मी फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी उभी होते. पलीकडच्या बाईंनी हळू, स्पष्ट जर्मनमध्ये विचारलं, मराठीतून जर्मनमध्ये भाषांतर करायला याल का? दवाखान्यात, व्हिसाच्या ऑफिसात मी आपल्या माणसांसाठी बोलायला जायचे, त्यातून कुणीतरी माझं नाव दिलं होतं. हिंदीचे दुभाषी त्यांच्याकडे होते, पण साक्षीदार बाईला हिंदी धड येत नव्हती. "माणसांच्या तस्करीचा खटला आहे," त्या म्हणाल्या. मी "हो, हो, नक्की" म्हणून मोकळी झाले.

मी तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेत शिकले. घरात पदवी घेणारी पहिलीच. आमचे अण्णा तालुका कोर्टात पट्टेवाले होते. साक्षीदारांच्या नावाचा पुकारा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांना फोनवर सांगितलं तर आधी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे तू आत बसणार? साहेबांसमोर? मी आयुष्यभर दारात उभा राहिलो गं!"

फ्रँकफुर्टच्या त्या इमारतीत शिरताना विमानतळासारखी तपासणी झाली. तिथे असलेच जड खटले चालतात. आमच्या मजल्याच्या एका टोकाला दूर देशातल्या युद्धातल्या गुन्ह्यांची सुनावणी चालू होती. छळ झाला हजारो मैलांवर, आरोपी सापडला इथे, म्हणून न्याय इथे. त्या बंद दारावरून मी भरभर पुढे गेले. दुसऱ्या टोकाला आमचं दालन. मध्ये तीन न्यायाधीश आणि दोन्ही कडांना साध्या नागरिकांमधून नेमलेले दोघेजण. एक ट्राम चालवणारे गृहस्थ, एक शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाई. दारावरच्या शिपायाने मला कौतुकाने समजावलं, "त्यांनी केसची कागदपत्रं वाचलेली नसतात. इथे जे कानावर पडेल, त्यावरच ते ठरवतात. आणि त्यांचं मत न्यायाधीशांच्या मताइतकंच धरतात, गेनाऊ, अगदी तेवढंच!"

अण्णांना हे सांगायचंच, असं मी मनात टिपून ठेवलं.

आरोपी एक मराठी जोडपं होतं. मुलं सांभाळायला म्हणून त्यांनी या बाईला गावाहून आणलं होतं. पासपोर्ट काढून घेतला, सुट्टी दिली नाही, एकटीला बाहेर जाऊ दिलं नाही, असा आरोप होता. जोडप्याचं म्हणणं, ती मोकळी होती, मर्जीने राहिली. म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर येऊन थांबला होता: तिला निघून जाता आलं असतं का?

मी उजवा हात वर करून शपथ घेतली, इमानाने आणि काटेकोर भाषांतर करीन. मग साक्षीदार बाईंच्या शेजारी बसले. माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या, मांडीवर रुमालाची घडी. दुभाष्याने साक्षीदाराच्या जागी होऊनच बोलायचं असतं. त्या "मी" म्हणाल्या की मीही "मी" म्हणायचं. पहिला तास इतका सुरळीत गेला की मी मनातल्या मनात हरखले होते. मुख्य न्यायाधीश बाई माझ्याकडे पाहून मान हलवायच्या तेव्हा शाळेत बाईंनी वहीवर "छान" लिहिल्यासारखं वाटायचं.

"पासपोर्ट कुठे ठेवला होता?" त्यांनी विचारलं.

"देव्हाऱ्यात. देवांच्या खाली, लाल कपड्यात."

मी आठवडाभर कायद्याचे शब्द पाठ केले होते. वही भरली होती. देव्हारा त्यात नव्हता. मला वाटलं, या पाच जर्मन माणसांना काय कळणार, आपण सोपं करून सांगू. मी म्हणाले, "एका छोट्या लाकडी कपाटात, लाल कपड्यात." आणि या हुशारीचं मला समाधानच वाटलं.

बचाव पक्षाच्या वकिलांनी ते कपाट लगेच उचललं. "कपाटाला कुलूप होतं?"

"नाही."

"किती उंचीवर होतं?"

"माझ्या खांद्याएवढं."

"म्हणजे हात लांबवून पासपोर्ट घेता आला असता?"

त्या घुटमळल्या. "हात पोचला असता."

"धन्यवाद." वकील बसले. ट्रामवाल्या गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात माझी नजर आरोपी बाईंकडे गेली. त्यांना मराठीही कळत होती आणि जर्मनही. त्या खाली मान घालून किंचित हसत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत साक्षीदार बाई कॉरिडॉरमध्ये माझ्याजवळ आल्या. "ताई, त्यांना देव कळले ना?"

"मला तुमच्याशी केसबद्दल बोलता येत नाही हो," मी म्हणाले. पण प्रश्न बरोबर होता. देव मी गाळले होते. तिची साक्ष आता कुलूप नसलेल्या कपाटावर उभी होती, आणि ते कपाट मी बनवलं होतं.

कबूल करावं तर मला काढून टाकतील, साक्ष लांबेल, त्या बाईला पुन्हा सगळं सांगावं लागेल. जिन्यात जाऊन मी अण्णांना फोन लावला. खटल्यातलं काही न सांगता एवढंच विचारलं, "कोर्टात चूक झाली तर काय करायचं?"

"कुणाची?"

"माझी."

"मग फोनवर काय करतीयस? कोर्ट बसलं की उभी राहा. साहेब ओरडतील, ओरडू देत. उशिरा सांगितलंस तर कुणी चूक म्हणणार नाही, लबाडी म्हणतील."

कोर्ट बसलं आणि मी उभी राहिले. "मला माझं भाषांतर दुरुस्त करायचं आहे. मी कपाट म्हणाले. ती घरातली देवांची जागा आहे. पासपोर्ट देवांच्या खाली होता, हे मी सांगितलंच नाही."

वकील उसळले. "सुट्टीत या साक्षीदाराशी बोलल्या का?"

"त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही." प्रश्न काय होता तेही मी सांगितलं.

"दुभाषी बाई पक्षपाती आहेत, त्यांना बदला!"

न्यायाधीश मंडळी आतल्या खोलीत गेली. ती मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. परत आल्यावर मुख्य न्यायाधीश बाई म्हणाल्या, "दुभाष्यांनी चूक स्वतःहून सांगितली. त्या राहतील. आल्झो, तर मग आपण तो प्रश्न पुन्हा विचारू. आणि यापुढे आमच्यासाठी काही सोपं करू नका. समजलं नाही तर आम्ही विचारू."

पोलिसांनी झडतीत काढलेला फोटो पडद्यावर आला. छोटा सागवानी देव्हारा, पितळी देव, खाली लाल कापड. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "हे काय आहे?" या वेळी मी शब्द तसाच ठेवला, देव्हारा, आणि उत्तर साक्षीदार बाईंना देऊ दिलं.

त्या बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. "पहिल्या दिवशी मालकीणवहिनींनी पासपोर्ट तिथे ठेवला. मला हात जोडायला लावले. दोन वर्षं हे घर सोडणार नाही, असं देवांसमोर म्हण, म्हणाल्या. मी म्हणाले. त्यानंतर त्या खोलीत मला जाऊच दिलं नाही. सगळं घर मी पुसायची, तेवढी खोली त्या स्वतः पुसायच्या. तुमच्यासारख्यांचा हात देवांना चालत नाही, म्हणायच्या." मी प्रत्येक शब्द तसाच्या तसा पलीकडे नेत होते. माझा आवाज चढला होता, तिचाही चढला होता.

ट्रामवाल्या गृहस्थांनी हात वर केला. "पण तुम्ही तो घेतला असता, तर अडवलं कुणी असतं?"

साक्षीदार बाईंनी फोटोकडे पाहिलं. "कुणीच नाही. मीच."

मग त्या गृहस्थांनी मला विचारलं, "तो शब्द कसा लिहायचा?" मी एकेक अक्षर सांगितलं. त्यांनी आधीचं काहीतरी खोडून ते लिहिलं.

काही आठवड्यांनी निकाल लागला. दोघेही दोषी. मी त्या दिवशीही तिच्या शेजारीच होते. कारणं सांगताना मुख्य न्यायाधीश बाई अडखळत म्हणाल्या, "देवारा". तो शब्द मला भाषांतर करून सांगावा लागला नाही. साक्षीदार बाईंनी तो थेट ऐकला आणि माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

पासपोर्ट हातात आल्यावर त्यांनी तो पदराखाली धरला. "आता बोलता येतं ना ताई तुमच्याशी?"

"हो, आता येतं."

"मग चला. कुठली ट्राम घ्यायची ते दाखवा. तिकीट मी काढते."

ट्राममध्ये बसल्याबसल्या मी अण्णांना फोन लावला. निकाल लागेपर्यंत त्यांना काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

"साहेब ओरडले का?" त्यांचा पहिला प्रश्न.