आधी पाय दाखवा, मॅडम

इंदुमती शेलार मॅडमची आणि माझी ओळख माझ्या हातावरचे केस उपटून झाली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला जखमेची काळजी हा विषय शिकवायला त्या वर्गात आल्या आणि फळ्यावर एक अक्षरही न लिहिता त्यांनी आम्हा सगळ्यांच्या हातांना चिकटपट्टी लावली. ती तशीच ठेवून घरी जायचे, जेवायचे, झोपायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती स्वतः ओढून काढली. कुणी कळवळले की त्या शांतपणे विचारायच्या, "का हो, पेशंटला नसतं का दुखत?" मग सलाईनने भिजवून पट्टी अलगद कशी सोडवायची ते दाखवले. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला होता. आज मी स्वतः शिकवते आणि पहिल्या तासाला मुलींच्या हातांना चिकटपट्टी लावते.

मॅडमनी आयुष्यभर तीच चार सूत्रे शिकवली. जखमेला हात लावण्याआधी हात धुवा. आतून बाहेर पुसा, आणि एकदा फिरवलेला बोळा पुन्हा फिरवू नका. सुटा कापूस जखमेवर ठेवू नका, तंतू आत राहतात. आणि घरातला कुठलाही डबा जखमेवर उपडा करू नका. हे शेवटचे पुणेकरांच्या डोक्यात अजून शिरलेले नाही. हळद, कॉफी, चुना, काहीही लावून लोक येतात. एकदा हिंजवडीचा एक इंजिनिअर दुचाकीवरून पडून, गुडघ्याला टूथपेस्ट फासून आला. म्हणाला, "मॅडम, व्हिडिओमध्ये होतं, कूलिंग इफेक्ट येतो." मॅडम म्हणाल्या, "असं का. मग दातांना काय लावता?" एवढे बोलून त्या खाली बसल्या आणि त्याचा गुडघा इतक्या हलक्या हाताने धूत राहिल्या, की तो बिचारा माफी मागू लागला.

निवृत्तीनंतर तरी त्या घरी बसतील असे आम्हाला वाटले होते. कसल्या बसतात. कात्रजला एका कंपनीच्या बसचे ड्रायव्हर राहत होते. मधुमेहाने त्यांच्या टाचेला जखम झाली होती आणि रोज दवाखान्यात नेणारे कुणी नव्हते. मॅडम बस बदलत त्यांच्या घरी जात. रिक्षाने जा म्हटले की ऐकू आले नाही असे दाखवत. ड्रायव्हरची बायको एकदा वैतागून म्हणाली, "ह्यांना काय बी दुखत न्हाई बगा, मग रोज कशापायी येता?" मॅडमनी तिला समजावले, "दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. साखरेने पायाची जाणीव गेली आहे. म्हणून रोज तळवा डोळ्यांनी बघायचा." तिला ड्रेसिंग करायला शिकवूनच त्या थांबल्या. ते ड्रायव्हर आज चालतेफिरते आहेत.

आता माझा खरा वैताग सांगते. पंचाहत्तरीच्या या अमृतमहोत्सवाच्या तयारीसाठी मी मॅडमच्या बुधवार पेठेतल्या घरी गेले, तर त्या डावा पाय ओढत चालत होत्या. जवळ आल्या तेव्हा वासही आला. मॅडमना स्वतःला बरीच वर्षे मधुमेह आहे. विचारले तर म्हणाल्या, "चप्पल लागली आहे. हातात आरसा धरून मीच ड्रेसिंग करते." मी म्हटले, दाखवा. त्या म्हणाल्या, "कार्यक्रम होऊन जाऊ द्या. आणि दुखत नाही हो मुळीच." हे वाक्य त्यांनी मला ऐकवले. मला रडावे की ओरडावे ते कळेना. त्यानंतर जेव्हा जेव्हा गेले तेव्हा पोहे मिळाले, चहा मिळाला, पाय काही दिसला नाही.

शेवटी मी गौरव अंकासाठीचा हा लेख इथपर्यंत लिहिला, त्यात 'डाव्या तळव्याला जखम' असे घातले, आणि त्यांच्यापुढे ठेवला. विद्यार्थिनींचे लिखाण तांबड्या पेनाशिवाय वाचणे त्यांना जमत नाही. त्या ओळीवर पेन थांबले. "आकार? खोली? कडा? न बघता नोंद कशी केलीत?"

"आपण बघू दिली नाहीत म्हणून."

त्यांनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाल्या, "अर्धवट नोंद छापायची नाही," आणि पाय स्टुलावर ठेवला.

मोज्याखालची पट्टी जखमेला चिकटली होती, ती भिजवून सोडवावी लागली. जखम रुपयाच्या नाण्याएवढी, कडा कडक, तळ दिसत नव्हता, लाली अंगठ्याकडे चढलेली. आरशात यातले काय दिसणार होते? दुपारीच आम्ही त्यांना इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता. धोका अजून टळलेला नाही, त्या पायावर भार अजिबात द्यायचा नाही. हे छापू का, असे मी विचारले. "छापा," मॅडम म्हणाल्या, "मुलींना शिकायला उपयोगी पडेल."

तेव्हा समारंभाला येणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना हात जोडून विनंती, की मॅडमच्या पाया पडण्यासाठी रांग लावू नये. लांबूनच नमस्कार करावा. प्रत्येकासाठी त्या खुर्चीतून उठायला बघतील, त्यांना उठू देऊ नये.

मॅडम, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. नुसत्या शुभेच्छांनी जखम भरत नाही, हे आपणच शिकवलेत. आपल्या शंभरीचा सत्कारही आम्हीच करणार आहोत, आणि त्या दिवशी आपण व्यासपीठावर दोन्ही पायांनी चालत यायचे आहे. तोवर कृपा करून बसून राहा.