चौथी चकती

"तिघाईले वाढलं अन् चौथ्याले उपाशी ठेवलं, हे मले पाहवलं नाही वं बाई. मंग मीच देल्ला एक-एक थेंब."

प्रयोगशाळेच्या दाराआडून हे कानावर आलं आणि मी बाहेरच थबकले. आत आमचे परिचर काका झाडूवाल्या मावशींना सांगत होते. आवाजात पुण्य केल्याचं समाधान होतं.

पंगतीत एकही पान रिकामं राहू न देणारा काकांसारखा माणूस अख्ख्या अमरावतीत सापडायचा नाही. आमच्या विभागातून कुणी उपाशी परत गेलेलं मी पाहिलेलं नाही. आग विझवायची नळकांडी तपासायला आलेल्या माणसाला त्यांनी जिना उतरून गाठलं आणि खिशात चिवड्याची पुडी कोंबली. चुका काढायला आलेल्या परीक्षकांना इतके आलूबोंडे वाढले, की त्यांना खुर्चीतून उठून चुका बघणं जमेना. कुणी नुसतं शिंकलं, तरी गुळवेलीचा काढा समोर. ती गुळवेलही कडुनिंबावर चढलेलीच हवी. त्यासाठी ते सुटीच्या दिवशी भातकुलीकडच्या आपल्या गावी जात आणि वेल कापण्याआधी कडुनिंबाची परवानगी घेत. स्वतः रोज सकाळी पेलाभर काढा पीत, तरी नाक बारमाही वाहायचं. माझ्या मैत्रिणीनं एकदा टोकलं, "काका, सर्दी तर तुम्हालाच आहे!" रुमाल शोधत म्हणाले, "पोरी, काढा नसता तर केवढी असती, याचा इचार कर न!"

माझा प्रयोग त्यांनीच आणलेल्या गुळवेलीवर होता. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर कागदाच्या चार चकत्या ठेवायच्या. तिघींवर गुळवेलीचा अर्क, चौथीवर अर्क न मिसळलेलं नुसतं द्रावण. तिघींभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ उमटलं आणि चौथीभोवती उमटलं नाही, तरच गुण गुळवेलीचा. चार महिने मी हेच करत होते, आणि शुक्रवारी अकोल्याच्या परिसंवादात ते मांडायचं होतं. आज सकाळी बारा बश्या उघडल्या, तर बाराही बश्यांत चौथीभोवती सुरेख वर्तुळ! सर म्हणाले, "म्हणजे जंतू तुझं द्रावणच मारतंय. गुळवेलीचं काय राहिलं?"

आणि आता हे! काल संध्याकाळी हातमोजे घालून, देवाला फूल वाहावं तसा बारा वेळा अर्काचा थेंब सोडणारे काका मला दाराबाहेरूनच दिसले. राग यायला हवा होता. त्याऐवजी मला आठवलं ते आदल्या आठवड्यातलं. बशीवर वाकून त्यांनी विचारलं होतं, "ताई, या एकाले काहून काई नाही?" इंग्रजी शाळेत शिकल्यानं मी मराठी बोलताना अडखळते, चारचौघांत तर फारच. मी नुसतं हसले आणि वहीत डोकं घातलं. दोन वर्षं ते माझ्याशी बोलत होते. गावातल्या बोअरचं पाणी, सुनेचं बाळंतपण, माझा रिकामा डबा. माझ्याकडून काय ते हसू.

सर माझ्या बाजूनं तरातरा आत गेले. मीही मागोमाग शिरले. "बश्यांना कुणी हात लावला? काका, मागच्या वेळी मी काय बजावलं होतं? पुन्हा हात लावलात, तर काम सोडावं लागेल." मावशींनी झाडू घट्ट धरला. काकांचं नाक वाहत होतं, पण हात खिशातल्या रुमालाकडे जाईना. अख्ख्या विभागाला वाढणारा माणूस एकदम एवढासा झाला होता.

अकोला डोळ्यांसमोरून निघून गेलं. आणि त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, "सर, चौथीवरही अर्क पडलाय. काकांनी मला विचारलं होतं, ती कोरी का ठेवायची. मीच सांगितलं नाही. शुक्रवारचं राहू द्या. आम्ही दोघं प्रयोग परत मांडतो."