माझं झालंय

"माझं झालंय, तुम्ही या," असं म्हणत आमचे ड्रायव्हरकाका खिडकीची काच अर्धी खाली करायचे आणि सीट मागे टाकायचे. बर्गरवाल्याच्या दारात गाडी थांबली, की हे ठरलेलं.

ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीतले निम्मे लोक गावी जायला त्यांचीच गाडी सांगायचे. ते माजिवड्याचे, तिथल्या मूळ गावातले. दर मे महिन्यात ते आम्हाला साताऱ्याला, बायकोच्या माहेरी पोचवायचे.

ढाब्यावर त्यांचा थाट बघावा. तिथे ड्रायव्हर लोकांचं टेबल वेगळं. आम्ही मेनूकार्ड उलटसुलट करत असेपर्यंत त्यांची भाकरी अर्धी संपलेली असायची आणि मालक स्वतः "अजून रस्सा?" विचारत उभा! साहजिकच, मुलीने बर्गरचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा. "काय गो बाय, त्या पावात काय हाय? पुढे चांगला ढाबा येतो."

मी बायकोला समजावायचो, जुन्या माणसांना असलं खाणं मानवत नाही. माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं माझं मत आहे. घरात इतर कुणाचं नाही.

मुलीचा आठवा वाढदिवस नेमका प्रवासात आला. बर्गरच हवा, असा हट्ट. गाडी थांबली. "काका, चला ना तुम्हीपण," मी म्हणालो. खरं सांगतो, म्हणताना मी चार पावलं पुढे गेलेलो.

"माझं झालंय, तुम्ही या."

मुलगी थबकली. "कधी झालं? आपण सकाळपासून गाडीतच आहोत की!"

काका उगाच स्टीअरिंग पुसायला लागले. मग हळूच म्हणाले, "इथे आमचं टेबल नसतं ना, बाय."

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसत होतो.

"मग आमच्या टेबलावर बसा. वाढदिवस माझा आहे," म्हणत तिने त्यांना हाताला धरून उतरवलं.

दारात ते चपला काढायला लागले, तेव्हा बायकोने थांबवलं. ऑर्डर द्यायच्या स्क्रीनवर मी असा काही सराईतपणे बोट फिरवलं, की पाच फ्राइज आल्या आणि बर्गर एकही नाही. "साहेब, गाडी मी चालवतो तेच बरंय," काका म्हणाले. बर्गर आल्यावर त्यांनी टिक्की वेगळी काढली, पाव कोल्ड्रिंकमध्ये बुडवून खाल्ला.

"कसा आहे?"

"वड्याची सर नाय," म्हणाले, आणि दुसरा मागितला.

दुकानाने मुलीला कागदी मुकुट दिला. तिने तो त्यांच्या डोक्यावर चढवला. ते तसेच गाडी चालवत निघाले. टोलनाक्यावरच्या माणसाने त्यांना चक्क सलाम ठोकला, आणि त्यांनी तो राजासारखा मान हलवून घेतलादेखील.

पुढे डोळ्यांनी दगा दिला आणि त्यांनी गाडी सोडली. यंदा तीच गाडी घेऊन त्यांचा जावई आला, कल्याणचा. डॅशबोर्डवर गणपतीशेजारी तो मुकुट, पार फिका पडलेला.

"हा काढायचा नाही, असं सासऱ्यांनी बजावलंय," तो म्हणाला.

दुपारी बर्गरवाल्यापाशी थांबलो. जावयाने काच अर्धी खाली केली. "माझं झालंय, तुम्ही या."

मुलगी आता तेरा वर्षांची. ती वळसा घालून त्याच्या बाजूला गेली आणि दार उघडून उभी राहिली.

"दादा, तुमच्या सासऱ्यांचंपण असंच झालेलं असायचं. चला."

त्याने एकदा मुकुटाकडे बघितलं, आणि पायांनी चपला चाचपायला लागला.