भिंतीपलीकडचं गाणं

"हिरवं मी फक्त ताटात खपवून घेते," असं आमच्या हेड नर्सबाई म्हणायच्या. वॉर्डात कुणी हिरवा स्वेटर घालून आलं की त्या चष्म्यावरून नुसतं बघायच्या. तेवढं पुरे व्हायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या कोलंबस शहरात, एका हॉस्पिटलात मी लॅबमध्ये नवीन लागले होते. बाई कृष्णवर्णीय, साठीला आलेल्या, स्वभावानंही कडक इस्त्रीच्या. त्यांच्या कोटावर लाल खड्याची बारीक पिन असायची. ती कॉलेजातल्या त्यांच्या सोरॉरिटीची, म्हणजे भगिनीमंडळाची.

"गोऱ्या मुलींच्या मंडळात आम्हाला प्रवेश नव्हता, हनी. मग आम्ही आमचं काढलं."

"पण कॉलेज संपल्यावर?" मी विचारलं.

"नवरा सुटतो. हे सुटत नाही."

त्याच कॉलेजात दुसरंही असंच मंडळ होतं, हिरव्या रंगाचं. त्यातल्या एक बाई आता जवळच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. दोघींचं चर्च एकच. चर्चच्या हॉलमध्ये मतदार नोंदणी असली की एका टोकाला लाल टेबल, दुसऱ्या टोकाला हिरवं. मी मदतीला गेले ती नेमकी हिरवी साडी नेसून. मुख्याध्यापिकांनी माझा हातच धरला, "ही आमची." आमच्याकडे हिरवा रंग सौभाग्याचा, असं मी बाईंना समजावलं. "तुला माफ," म्हणाल्या. "तिला नाही."

मग एका हिवाळ्यात मुख्याध्यापिकांना पक्षाघाताचा झटका आला. त्या बाईंच्याच वॉर्डात आल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आयुष्यभर वर्गापुढे बोललेली बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. हेड नर्सबाई त्यांना रोज स्वतः स्पंज करायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

एका सकाळी मी रक्त घ्यायला गेले, तर बाई त्यांचे केस विंचरता विंचरता गात होत्या. गाणं हिरव्या मंडळाचं होतं, चर्चच्या हॉलमध्ये मी ते ऐकलं होतं.

"तुम्हाला कसं येतं?" मी हळूच विचारलं.

"होस्टेलात हिची खोली माझ्या शेजारी. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ झालं."

पुढच्या ओळीला पलंगावरचे ओठ हलले. आधी नुसता घोगरा आवाज, मग सूर. बाई थांबल्या नाहीत. कडवं संपलं तेव्हा मुख्याध्यापिका फार कष्टानं एकच शब्द बोलल्या, "चुकलं."

"मग नीट शिकव," बाई म्हणाल्या, आणि टॉवेल घ्यायला वळल्या. त्यांचे डोळे मी तेव्हा पाहिले.

मुख्याध्यापिका हळूहळू सावरल्या. बाईच आधी गेल्या, निवृत्तीनंतर लवकरच, हृदयविकारानं.

अंत्यविधीला त्यांच्या लाल मंडळातल्या भगिनी पांढऱ्या कपड्यांत शवपेटीभोवती हातात हात गुंफून उभ्या राहिल्या आणि मंडळाचं निरोपाचं गाणं म्हणू लागल्या. त्या कड्यात बाहेरच्यांना जागा नसते, ते गाणंही त्यांनी म्हणायचं नसतं. आम्ही मागच्या बाकांवर बसलो होतो, मुख्याध्यापिका माझ्या शेजारी. गाणं सुरू होताच त्यांनी वॉकर ओढला आणि त्या उठल्या.

"बसा ना," मी म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. शेवटचा सूर संपेपर्यंत त्या तशाच, ओठ घट्ट मिटून, उभ्या राहिल्या.