आपला आकडा आधी न सांगणाऱ्या मॅडम

वैजयंती पेडणेकर मॅडमची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली. मी कल्याणला एका स्ट्रक्चरल इंजिनिअरांकडे ड्राफ्ट्समन होतो. त्या नौपाड्यातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसातून बोलत होत्या.

"आमची फाइल उघडलीत ना? मग तुमच्या पडद्यावर दारं किती दिसतात, मोजून सांगा."

"बाई, आम्ही खांब-बीमवाले. दारांशी आम्हाला काय करायचंय?"

"दारं वाटेत सांडली असतील, तर खांबही हलले असतील. मोजा तर खरं, काका."

मोजली. त्यांच्या आकड्याहून अकरा कमी भरली. शिवाय अख्खी इमारत हातभर जमिनीत गेलेली! उंची मोजायचा त्यांचा शून्य जोत्यावर, आमचा रस्त्यावर.

सगळ्याच वाचकांना आमचा धंदा ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. हल्ली इमारत आधी कॉम्प्युटरात उभी राहते. आर्किटेक्ट भिंती-दारं एका सॉफ्टवेअरात काढतात, आम्ही खांब-बीम दुसऱ्यात, पाइपवाले तिसऱ्यात. एकाचं दुसऱ्याला थेट वाचता येत नाही, म्हणून सगळ्यांना उघडेल अशा सामाईक फाइलीत भरून पाठवायचं. या प्रवासात दाराचा नुसता ठोकळा होतो, भिंतीची जाडी हरवते, आणि फाइल मात्र 'पोचले' म्हणते. मॅडमची उमर या मधल्या वाटेवर गेली. सगळं जुळलं तर कुणाला पत्ता नाही. बिनसलं की बोट त्यांच्याकडे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, त्यांना तर तीन घरं होती.

त्यांची एक रीत होती. समोरच्याला मोजायला लावायच्या, पण आपला आकडा आधी सांगायच्या नाहीत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "आकडा सांगितला की माणूस मोजत नाही, नुसतं हो म्हणतो." लोक वैतागत. "आली पेडणेकरांची शिरगणती!" असं आमच्याकडची मुलं हसत. मोजून होईपर्यंत त्या फोन ठेवत नसत.

मी दहावी नापास. ट्रेसिंग करता करता शिकलो, आणि कॉम्प्युटर तर पन्नाशीनंतर धरला. मॅडमनी माझ्यासाठी वहीच्या पानांवर पडद्यावरच्या बटणांची चित्रं काढून पाठवली, प्रत्येकाखाली मराठीत दोन ओळी. सोबत चिठ्ठी: "काका, विचारायला लाजू नका." त्यांच्याएवढ्या शिकलेल्या माणसाला माझ्यासाठी एवढं करायची काय गरज होती? पण तो त्यांचा पिंडच.

आता जे लिहितो, ते मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात बसतं की नाही ठाऊक नाही. संपादकांनी ठेवावं अशी विनंती.

बाळकुमच्या एका कामात पार्किंगच्या बीममधून पाइप जाणार होते. त्यासाठी ठेवायची भोकं मॅडमनी फाइलीत पाठवली आणि नेहमीसारखा फोन केला, "किती आलीत?" आमच्याकडे तेव्हा नवं सॉफ्टवेअर आलेलं. भोकं कुठल्या बटणाने दिसतात तेच मला समजेना, आणि शेजारी तरुण मंडळी बसलेली. विचारायची लाज वाटली. आधीच्या नकाशातला आकडा समोर होता, तो मी वाचून दाखवला. त्यांच्या आकड्याशी तो जुळला.

फाइलीत एकही भोक आलेलं नव्हतं. भोकं न ठेवताच बीम काँक्रीटने भरले गेले. तयार बीम कोरायला आमच्या साहेबांनी साफ नकार दिला. सळ्या तुटल्या असत्या. पाइप खालून फिरवावे लागले, पार्किंगची उंची गेली. बैठकीत बिल्डरांच्या माणसाने विचारलं, "मोजलं कोणी होतं?" मी टेबलाच्या या टोकाला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोजणीची जबाबदारी माझी. चूक माझी," एवढंच बोलल्या.

पुढचं मोठं काम त्यांना मिळालं नाही. मोजणी आता सॉफ्टवेअरच करतं, असं त्यांना सांगण्यात आलं. एकदा नौपाड्याला गेलो होतो. भर दुपारी ऑफिस गजबजलेलं, आणि मॅडम कोपऱ्यात एकट्या डबा खात बसलेल्या. मी जिन्यातूनच परत फिरलो. माझ्या टेबलावरचा फोनही मुका झाला. त्या शिरगणतीचा कंटाळा करणारे आम्ही. तो आवाज बंद झाल्यावर दुपार किती लांब असते ते कळलं.

या लेखाचं निमंत्रण आलं तेव्हा हात चालेना. शेवटी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. त्या एकट्याच राहतात. चहा पुढे आला आणि मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

मॅडम म्हणाल्या, "मला त्याच दिवशी संशय आला होता, काका. सगळी भोकं मोजायला दहा मिनिटं लागतात. तुम्ही लगेच सांगितलंत. मीच पुन्हा विचारायला हवं होतं."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"तुमची नोकरी गेली असती."

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

"नंतर वाटलं, तुम्ही येऊन सांगाल. वाट बघत होते."

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "चहा निवतोय. आणि छापायचं तर छापा, पण मला देवी-बिवी करू नका हं. रागावले होते मी तुमच्यावर. चांगली दोन वर्षं."

मॅडमना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य मिळो, हे तर आपण सगळेच मागणार. माझं मागणं थोडं निराळं आहे: यापुढच्या वर्षांत, कुणी येऊन खरं सांगेल म्हणून, त्यांना एवढी वाट पाहत बसावं लागू नये.