आखूड दोर

“बावीस वर्षं घोडे पोचवतोय मी. एकाच्याही पायाला खरचटलेलं नाही,” ड्रायव्हरने तिसऱ्यांदा ऐकवलं.

“पायाचं कोण बोलतंय? मी छातीचं बोलतेय,” बायको म्हणाली आणि कांदा चिरत राहिली.

सकाळच्या चहापासून हेच चाललं होतं. महिन्यापूर्वी त्याने तपकिरी घोडी नऊ तासांत, कुठेही न थांबता तबेल्यात आणून सोडली आणि दुसऱ्याच दिवशी ती तापाने फणफणली. बायको त्याच तबेल्यात कामाला. तीन आठवडे घोडीचं सगळं औषधपाणी तिनेच केलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. तासन्‌तास मान वर बांधलेली राहिली की घोड्याच्या घशातली धूळ, शेंबूड बाहेर पडत नाही, छातीत उतरतो. आता घोडी बरी होती आणि उद्या त्याच वाटेने तिला परत न्यायचं होतं. पुन्हा तसंच झालं तर ती वाचेलच, असं म्हणायला डॉक्टर तयार नव्हते.

ड्रायव्हरच्या मते दोर लांब सोडला की घोडा त्यात पाय अडकवून घेतो. आणि मध्ये थांबायचं म्हणाल, तर न थांबता पोचवतो म्हणूनच लोक त्याला बोलवत. शेवटी तो चिडून म्हणाला, की माझ्या ट्रेलरमध्ये माणूस झोपला तर कूससुद्धा बदलणार नाही.

“झोपायचं नाही. उभं राहायचं, मान वर करून. गाडी मी चालवते.”

त्याची आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. जा बाबा, ती म्हणाली, शाळेत अर्धा वेळ वर्गाबाहेर उभाच असायचास, तुला काय जड आहे.

तबेल्यामागच्या कच्च्या रस्त्यावर बायकोने सावकाश फेऱ्या घातल्या. आत तो दांडी धरून उभा होता, हनुवटी दोराच्या कडीला लावून. दहा मिनिटांत मान अवघडली. मग गवताचा भुसा नाकात गेला, मुताच्या उग्र वासाने डोळे चुरचुरले. वाकून एकदा मनसोक्त शिंकावं, एवढंच त्याला वाटत होतं. अर्ध्या तासाने बायकोने दार उघडलं तेव्हा तो खाली उतरून ओणवा झाला आणि खोकतच राहिला.

ती हसली नाही. पाण्याची बाटली पुढे करून म्हणाली, “गार वारा लागेल, खिडक्या बंद ठेवा, असं त्या वेळी फोनवर मीच बजावलं होतं. माझंही चुकलंच.”

त्याने ट्रेलर आतून स्वच्छ धुतला, गंजलेल्या खिडकीला तेल घातलं, मगच घरी आला.

जेवताना त्याने आईला सांगितलं, “उद्या दोन-दोन तासांनी थांबणार. खिडक्या उघड्या. दर वेळी दोर सोडून घोडीला मान खाली घालू द्यायची, पाणी दाखवायचं. बारा तास लागतील. ही माझ्याबरोबर येतेय. दोन दिवस स्वयंपाक तुझ्याकडे.”