दिलीपची अर्धी गाडी

झाडाखाली गाडी लावली की तिच्यावर पाला आपोआप साचतो, कुणी टाकावा लागत नाही. दिलीपच्या गाडीचे किस्से तसेच साचले. जालन्यात आमचा ग्रुप चहाला जमला की कुणीतरी म्हणतंच, “वसंता, ती ट्रॅक्टरवाली गोष्ट सांग!” मी सांगतो. लोक हसतात. मी मात्र प्रत्येक वेळी त्या गाडीच्या मागे होतो, त्यामुळे मला हसू जरा उशिरा येतं.

दिलीप माझा शाळेपासूनचा मित्र. बियाण्यांचा व्यापार करतो. पन्नाशी जवळ आल्यावर त्याने पुण्याहून एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. दोनच सीट. मागे लोखंडी पाइपांचा पिंजरा, गाडी उलटली तरी माणूस चिरडू नये म्हणून. शर्यतीच्या सर्किटवर पळवायला बनवलेली, रस्त्यावर चालवायची फक्त परवानगी असलेली! एसी नाही, आणि खालचा खडा न् खडा पाठीला कळतो.

गाडी दारात आली तेव्हा मंगलवहिनी, म्हणजे दिलीपची बायको, तिला लांबूनच बघून आत गेल्या. त्यांचा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी अंबडच्या रोडवर अपघातात गेला. अंधारात बंद पडलेली उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. तेव्हापासून घरातलं कुणी भाजी आणायला निघालं तरी वहिनींना “पोहोचलो” असा फोन लागतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन अटी घातल्या. “भाऊजी, हे जिथं जिथं ही गाडी नेतील तिथं तुम्ही मागं तुमची गाडी घेऊन जायचं. आन् ज्या दिवशी मला सहन होणार न्हाई, त्या दिवशी गाडी विकायची. मी कारण सांगणार न्हाई, ह्यांनी विचारायचं न्हाई.”

दिलीप म्हणाला, “कबूल.”

मी विम्याच्या ऑफिसात आहे. काळजी करणं माझ्या पगारातच धरलेलं आहे. मीही कबूल म्हणालो.

*

पहिला किस्सा पूजेचा.

गुरुजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. सगळं यथासांग झालं. मग म्हणाले, “जरा झाकण उघडा, इंजिनला हळद-कुंकू लावू.”

दिलीपने झाकण उघडलं. आत एक रिकामा खड्डा, त्यात वहिनींनी ठेवलेली प्रसादाची पिशवी.

“इंजिन कुठंय?”

“मागं आहे, गुरुजी.”

गुरुजी दोन पावलं मागे सरकले. “म्हंजे मी एवढा वेळ डिक्कीची पूजा करून राह्यलो?”

आम्ही हसलो, वहिनी नाही हसल्या. त्यांचा चेहरा उतरला. अर्धवट पूजेची गाडी रस्त्यावर सोडायला त्या तयार नव्हत्या. दुसरा नारळ आला, दुसरा हार आला, आणि सगळी पूजा मागच्या बाजूने पहिल्यापासून झाली. फक्त लिंबांचा प्रश्न राहिला. गुरुजींनी बराच विचार करून सांगितलं, “लिंबं ऱ्हाऊ द्या. चाकं काही बदलली न्हाईत.”

*

धावडा हे दिलीपचं गाव. काकांना गाडी दाखवायची म्हणून निघालो.

ही गाडी जमिनीपासून एवढी खाली आहे की स्पीडब्रेकर आला की मी मागून उतरून पुढे धावतो. माझ्या डिक्कीत दोन फळ्या असतात. त्या ब्रेकरच्या दोन्ही अंगांना टाकायच्या, त्यावरून दिलीप गाडी तिरपी, मुंगीच्या चालीने चढवतो, आणि मी वाकून तळाकडे बघत “थांब! थोडं डावीकडे!” असं ओरडत राहतो. भोकरदनच्या पुढे तर प्रत्येक वस्तीने आपापला ब्रेकर केलेला. कुणाचा मातीचा, कुणाचा जुन्या टायरचा. माझी कंबर धरली.

गावात पोहोचल्यावर काका ओट्यावरून उठले. गाडीभोवती एक चक्कर मारली. छत त्यांच्या कमरेला लागत होतं.

“चांगली हे,” काका म्हणाले. “दिलप्या, वरची अर्धी कधी येणार?”

*

आता ट्रॅक्टरवाली गोष्ट.

वहिनींनी जांब समर्थला दर्शनाला जायचं ठरवलं आणि पहिल्यांदाच त्या गाडीत बसल्या. बसल्या म्हणजे उतरल्याच म्हणा, विहिरीत उतरावं तसं. मी नेहमीप्रमाणे मागे.

वाट अंबडच्या त्याच रोडची. पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्या जोडलेला. रस्ता मोकळा, समोर कुणी नाही. एका दमात पुढे जायचं, एवढंच! पण वहिनींनी गियरवरच्या दिलीपच्या हातावर आपला हात ठेवला. हे दिलीपने नंतर सांगितलं.

मग ती गाडी बैलगाडीच्या चालीने ट्रॉलीमागे चालली. उसाचा पाला काचेवर पडत होता. ट्रॅक्टरवाल्याने एकदा हात दाखवला, पुढे जा. दुसऱ्यांदा दाखवला. मागे मोटारसायकली तुंबल्या, पोरं हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेली. शेवटी ट्रॅक्टरवाला बाजूला घेऊन उतरला, दिलीपच्या काचेशी वाकला आणि अगदी मायेने म्हणाला, “साहेब, बिघाड झाला का? टोचन लावून ओढतो, जल्दी पोहोचाल!”

*

सर्किट पुण्याच्या पलीकडे आहे. गाडीचं खरं घर तेच. तिथे दिलीप फिरतो आणि मी कठड्याशी हातात फोन घेऊन उभा असतो.

पहिल्या वेळी फोनवर वहिनी म्हणाल्या, “आत्ता कुठवर गेले?”

“गेले ते परत इथंच आले, वहिनी.”

“मंग आता कुठं चालले?”

“परत इथंच.”

“पोहोचलो” कधी म्हणायचं, हे आम्हा दोघांनाही ठरवता येईना.

एकदा मात्र माझी गाळण उडाली. दिलीप वळणामागे गेला आणि बाहेर आलाच नाही. इतर गाड्या आल्या, गेल्या. वळणावरची माणसं धोक्याचे पिवळे झेंडे हलवू लागली. मी कठड्यावर चढलो. मग लांब दिसलं, गाडी रस्ता सोडून खडीत रुतली होती आणि दिलीप आतून हात वर करून ‘ठीक आहे’ म्हणत होता. नेमका तेव्हाच फोन वाजला.

“भाऊजी, कसंय?”

मी खोटं बोललो नाही. “सगळं ठीक आहे वहिनी. दिलीप एका जागी शांत बसलाय.”

“गाडी पळवायला गेल्ते ना? मंग शांत कसे बसले?”

मी फोन या कानावरून त्या कानाला नेला.

“पुढच्या वेळी मी येते,” वहिनी म्हणाल्या. “तिथंच काय ते ठरवते.”

दिलीपने त्या रात्री गाडी स्वतः धुतली. निरोप द्यावा तशी.

*

त्या आल्या. पहाटे माझ्या गाडीत बसून आल्या, सगळा रस्ता वरचं हँडल धरून.

सर्किटवर आधी एक पोरगेला ट्रेनर सगळ्यांना नियम सांगतो. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या. वर्गात पोरं बसतात तशा, हात मांडीवर. नियम संपल्यावर ट्रेनरने विचारलं, “काही शंका?”

वहिनींनी हात वर केला. “समोरून कोणी येणार न्हाई?”

ट्रेनर हसला. “मॅडम, सगळे एकाच दिशेने जातात. समोरून कोण येणार?”

“आडवं? म्हशी, कुत्री?”

“कुंपण आहे, मॅडम.”

“रस्त्यात काही बंद पडलं तर?”

“लगेच झेंडा दाखवतात. प्रत्येक वळणावर माणूस उभा असतो.”

“प्रत्येक वळणावर?”

“प्रत्येक वळणावर.”

“दिवा नसलेली ट्रॉली...” एवढं बोलून त्या थांबल्या. ट्रेनरला काही कळलं नाही. दिलीप बुटांच्या लेसकडे बघत राहिला.

मग वहिनींनी दिलीपचं जादा हेल्मेट घातलं, पदर कमरेला खोचला, चार पट्ट्यांच्या बेल्टमध्ये स्वतःला बांधून घेतलं आणि गेल्या. मी कठड्याशी. या वेळी फोन करायला घरी कुणीच नव्हतं, तरी तो मी हातात धरला होता. गाडी वळणामागे गेली. बाहेर आली. परत गेली, परत आली.

त्या उतरल्या तेव्हा घामाने केस कपाळाला चिकटले होते. हेल्मेट काढून काखेत धरलं, पाणी प्यायल्या. दिलीपने हळूच विचारलं, “मंग? विकायची?”

“न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “राहू द्या.”

दिलीपचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. जाताना त्या त्याच्याच गाडीत बसल्या. मी फळ्या, जॅक, टायर भरून मागे.

फाटकाशी गाडी थांबली. पलीकडे हायवे. पुढच्या गाडीत वहिनी मांडीवरचं हेल्मेट उचलून डोक्यात घालताना मला दिसल्या. फाटकावरचा माणूस वाकून म्हणाला, “मॅडम, सर्किट संपलं.”

“माहितीये,” वहिनी म्हणाल्या, आणि पट्टा हनुवटीखाली आणखी घट्ट केला.